श्रीमंत फोटोरावांची कर-कचेरीवरील स्वारी व कमोडांची कुमक

एक कमोड. फिकट निळा. तीन बाजूंनी उजेड, मागे पांढरा पडदा.

"हसायचं नाही. आत गेल्यावर कोणीही हसायचं नाही."

बगळा एका पायावर उभा असताना दुसरा पाय नेमका कुठे ठेवतो, हे पाहण्यासाठी एक पोक्त माणूस चिखलात पालथा पडला होता.

लाल प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत गेलं की मनोरा छताला लागतो.

कचेरीच्या कागदावर, खर्चाच्या ओळींपुढे, लाल पेनाने एकच शब्द आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह: हौस?

*

सकळ-उजेड-संपन्न, अंधारखोली-निवासी भिंगदेवतेस आधी नमन करून, मग वाचणारांस अर्ज ऐसा जे, आपण पुसिले की फोटोराव यांचा व कर-कचेरीचा जो संग्राम जाहला तो कोणे कारणे, कोणी कोणास कैसे हटविले, आणि मध्येच कमोड कोठून आले. त्यास जे डोळ्यांनी दिसले, जे लोकांनी सांगितले आणि जे जिन्यात उभे राहिल्याने आपोआप कानी पडले, ते सर्व एके ठायी करून येथे लिहिले आहे. अधिक लिहिले असेल तर ते कौतुकापोटी, उणे लिहिले असेल तर ते बाईसाहेबांच्या धाकापोटी, ऐसे समजोन सांभाळून घ्यावे.

फोटोराव हे मूळचे लिफ्टदुरुस्तीच्या चाकरीतले. उमरीचा मोठा भाग लोकांस वर नेण्यात व खाली आणण्यात खर्ची पडला, आणि मग एके दिवशी दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, आणि फटीतून उन्हाची एक तिरीप आत जाऊन एका वृद्ध गृहस्थाच्या टकलावर ऐसी काही पडली की ती पाहून फोटोराव सुटकेचे काम विसरले आणि फोन काढून फोटो घेत बसले, आणि वृद्ध गृहस्थ आतून शिव्या देत राहिले, आणि त्या शिव्यांचे वर्तमान वरिष्ठांचे कानी गेले, आणि मग चाकरी सुटली. कोणी म्हणतात त्यांणी सोडिली, कोणी म्हणतात त्यांस काढिले. फोटो मात्र उत्तम आला, याविषयी दोन मते नाहीत.

त्याउपरि फोटोरावांनी छायाचित्रणाचे राज्य स्थापिले. राजधानी म्हणावी तर थोरल्या मेहुण्यांच्या गोदामावरची एक भाड्याची खोली. थोरले मेहुणे म्हणजे फोटोरावांच्या पत्नी बाईसाहेब यांचे सख्खे बंधू, खुर्च्यांचे सुभेदार. सभा असो, समारंभ असो, शोक असो, जो मागेल त्यास खुर्च्या भाड्याने पुरवाव्या हा त्यांचा अंमल. फौज म्हणावी तर कॅमेरा एक, त्यास उभे करण्याचे तीन पायांचे घोडे एक, छत्रीचे दिवे, पांढरा पडदा, आणि सर्वांवर कळस म्हणजे लांबनळी तोफ. ही तोफ म्हणजे दूरच्या वस्तूस जवळ आणणारी आणि जवळच्या माणसांस दूर लोटणारी भली लांबडी लेन्स. तिच्या किमतीचा आकडा घरात मोठ्याने उच्चारण्यास मनाई होती.

लौकिक म्हणावा तर बगळ्यांचा. गावाबाहेरच्या तळ्याकाठी फोटोराव पहाटेस जाऊन चिखलात निजत, बगळा जो जो पवित्रा घेई तो तो टिपून घेत आणि मग खोकत घरी येत. परंतु बगळा काही दाणा देत नाही. दाणा येई तो सॅनिटरीवाले शेठ यांजकडून. शेठजींची दुकाने, त्यांत नळ, बेसिने आणि कमोड. आणि नवीन माल आला की त्याची चित्रे छापून गावोगावच्या दुकानदारांस धाडण्याचा शेठजींचा परिपाठ. ती सर्व चित्रे काढणार फोटोराव. उभे कमोड, भिंतीस लटकणारे कमोड, झाकण मिटलेले, झाकण उघडलेले, डावीकडून, उजवीकडून, आणि ज्यास शेठजी मोठ्या अदबीने 'वरून दर्शन' म्हणत ते.

ही गोष्ट फोटोरावांनी जगापासून चोरून ठेविली होती. कोणी पुसले, "काय करता हल्ली?" तर उत्तर ठरलेले: "सिरॅमिकमध्ये आहे." लोक समजत, फुलदाण्या. फोटोराव लोकांस समजू देत.

*

आता कचेरीकडील वर्तमान.

सरकारचा कायदा ऐसा जे, धंद्यापायी जो खर्च होईल तो मिळकतीतून वजा करावा आणि उरेल त्यावर कर भरावा. परंतु हौसेपायी जो खर्च होईल तो ज्याचा त्याने सोसावा, सरकारास त्याची खबरही देऊ नये. फोटोरावांनी त्या साली खोलीचे भाडे, दिवे, पडदा, घोडा आणि तोफ ऐसे सारे काही धंद्याचा खर्च म्हणून वजा मागितले. ते पाहून कर-कचेरीस शंका आली आणि तिने खलिता धाडिला की आपला हा धंदाच आहे कशावरून, सबब कामाचे नमुने पाठवावे.

येथे फोटोरावांनी जी चूक केली ती दुसरा कोणीही धंदेवाला करता ना. नमुने म्हटल्यावर त्यांची छाती फुगली, आणि आयुष्यात प्रथमच सरकारास आपली चित्रे पाहावीशी वाटली या आनंदात त्यांणी कमोडांच्या गठ्ठ्यास हातही न लावता बगळ्यांतले निवडक बगळे काढिले, जाड कागदावर छापून घेतले, भोवती काळी चौकट दिली आणि प्रत्येकाखाली सुबक अक्षरात नाव लिहिले. एकास 'एकांत'. दुसऱ्यास 'एकांत, पुन्हा'. तिसऱ्यास 'पाणी आणि मी'. आणि मग ते पाकीट स्वतः टपालात टाकून, पेटीवर दोनदा थापटून, शीळ घालीत घरी आले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खलित्याचे उत्तर आले. फोटोरावांच्याच यादीची नक्कल, सगळ्या ओळींस मिळून एक लाल कंस आणि कंसापुढे तो शब्द. खाली हुकूम की समक्ष हजर होऊन खुलासा करावा, न केल्यास समस्त खर्च नामंजूर होऊन छायाचित्रण ही हौस ठरविण्यात येईल.

हे वर्तमान बाईसाहेबांनी जेवताना बंधूंस सांगितले. बाईसाहेब या मोठ्या इस्पितळाच्या खिडकीत बसून पावत्या फाडणाऱ्या. दिवसभर रडणारी, भांडणारी, सुटे नसणारी माणसे पाहिल्याने त्यांस कोणत्याही सरकारचे भय उरले नव्हते. परंतु बंधूंचे तोंड पाहून त्यांसही वाटले की बोललो नसतो तर बरे होते.

थोरले मेहुणे हात धुऊन आले आणि उभ्यानेच बोलले.

"भावजी, मी काही वाईट माणूस नाही."

"नाही, दादा."

"माझ्या खुर्च्या अंगणात ताडपत्रीखाली. का? तर वर आमच्या भावजींचा धंदा आहे. बहिणीचा संसार आहे. मी कधी बोललो?"

"आत्ता बोलताय," बाईसाहेब बोलल्या.

"तू थांब गं. भावजी, धंदा असेल तर खोली तुमची, जन्मभर तुमची. पण हौसच असेल, तर हौसेला कुणी खोली देतं का? मला गाण्याची हौस आहे. मी बाथरूममध्ये गातो."

"ते सगळ्या गल्लीला माहितीये, दादा."

"तर ठरलं. सरकार काय म्हणतं ते मला कागदावर दाखवा. सरकार हौस म्हणालं की खुर्च्या वर."

ऐसा तह तोंडी जाहला. फोटोरावांनी त्या रात्री भात दोनदा वाढून घेतला, आणि दोन्हीही वेळा पानात ठेविला. कारण खोली गेली तर दिवे कोठे, पडदा कोठे. दिवे-पडदा गेले तर शेठजींचे काम गेले. आणि काम गेले की पुन्हा लिफ्टीच्या खड्ड्यात उतरणे आले, जेथे उन्हाच्या तिरिपेकडे पाहण्यास सक्त मनाई होती.

*

दुसरे दिवशी स्वयंपाकघरात मसलत बसली. हजर: बाईसाहेब, फोटोराव, कुकर.

बाईसाहेबांनी हुकूम केला की कमोड घेऊन जावे.

फोटोरावांनी अर्ज केला की प्राण गेला तरी कमोड घेऊन जाणार नाही, चारचौघांत अब्रू आहे.

बाईसाहेबांनी विचारिले की कोणते चारचौघे, नावे सांगावी.

फोटोरावांस नावे आठवली नाहीत.

"अहो, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? सगळ्यांना माहितीये."

"काय माहितीये?"

"तुम्ही काय काढता ते. शेठच्या पुस्तकात मागच्या पानावर तुमचं नाव छापलंय. आमच्या इस्पितळात ते पुस्तक आलंय. दुसऱ्या मजल्यावरचे सगळे कमोड त्यातूनच निवडले. मीच म्हटलं, हा घ्या, ह्याचा फोटो छान आलाय."

[येथे मूळ प्रतीवर आमटी सांडल्याने काही ओळी लागत नाहीत. पुढे जे लागते ते येणेप्रमाणे:]

...तरीही फोटोराव बधले नाहीत आणि म्हणाले की मी कलावंत आहे, आणि बाईसाहेब म्हणाल्या की कलावंत असा नाहीतर काही असा, कुकर उतरवा.

मसलत निष्फळ जाहली. परंतु जे काम बाईसाहेबांच्या जिभेने जाहले नाही ते खुर्च्यांनी केले. थोरल्या मेहुण्यांनी निकालाची वाट न पाहता आघाडीची तुकडी आगाऊ धाडिली. सकाळी फोटोराव राजधानीकडे निघाले तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर लाल खुर्च्यांचा एक मनोरा उभा. दुपारी तो वळणावर. संध्याकाळी दाराबाहेर दोन मनोरे, एकमेकांस टेकून, जणू पहाऱ्यास. मेहुण्यांस पुसता ते बोलले, "सहज ठेवल्यात. वारा लागू दे जरा." आणि त्याउपरि मनोरे वाढतच गेले, ते इतके की फोटोरावांस आपल्याच राज्यात आडवे होऊन, पोट आत ओढून, घोडा डोक्यावर धरून शिरावे लागले. आत शिरून ते पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसले. समोर शेठजींचा नवा माल, तो फिकट निळा. त्याच्याकडे ते फार वेळ पाहत राहिले. मग उठले, आडवे होऊन बाहेर आले आणि थेट शेठजींच्या दुकानी गेले.

"शेठ, कर-कचेरीत दाखवायला तुमची पुस्तकं हवी होती. आणि तुमचा शब्द. की मी हे पैशासाठी करतो."

सॅनिटरीवाले शेठ हे भावनाप्रधान गृहस्थ. कोणी आपणहून आपल्या मालाची साक्ष मागावी हा त्यांचे आयुष्यातला पहिलाच प्रसंग. डोळे पुसून बोलले, "पुस्तकं कशाला? मी येतो. आणि नुसता नाही येत."

"म्हणजे?"

"पुस्तकात काय कळणार त्यांना? माल बघू दे."

*

स्वारीचा दिवस उजाडला. पुढे बाईसाहेब, बगलेत पुस्तकांचा गठ्ठा. मागे फोटोराव, खांद्यास कॅमेरा, हाती घोडा, काखेत गुंडाळलेला पडदा, पाठीवर दिव्यांची पिशवी, कारण बाईसाहेबांचा हुकूम होता की ज्याचा ज्याचा खर्च मागितला ते ते सर्व हजर करावे. गळ्यात तोफ, कारण तीही यादीत होती. त्यांचेमागे शेठजी, इस्त्रीच्या सदऱ्यात. आणि सर्वांमागे हातगाडीवर, जुन्या चादरीत लपेटलेला, दोरीने आवळलेला, डोलत डोलत येणारा तो फिकट निळा. रस्त्यावरच्या माणसांनी थांबून वाट दिली. एका पोक्त बाईने चादरीच्या आकाराकडे पाहून पदर डोळ्यांस लाविला, तिचा काय समज जाहला न कळे.

दारातच बाईसाहेबांनी सर्वांस तंबी दिली, "हसायचं नाही. आत गेल्यावर कोणीही हसायचं नाही."

"हसतंय कोण?" शेठजी बोलले. ते खरोखरच हसत नव्हते.

कचेरीचे पहारेकरी यांणी चादरीचे एक टोक उचलून पाहिले, आणि त्यांचे मुखावर जो आनंद प्रगट जाहला तो शब्दांत मावत नाही. ते मागे वळून जिन्यातून वर ओरडले, "आलं! आलं एकदाचं!"

झाले होते ते ऐसे की कचेरीच्या वरच्या मजल्यावरचे कमोड फुटून बरेच दिवस लोटले होते, अर्जांवर अर्ज गेले होते, आणि समस्त कारकून मंडळी अडचणीच्या समयी शेजारच्या कचेरीत जाऊन तेथील लोकांची बोलणी खात होती. ती मंडळी ओरडा ऐकताच टेबले सोडून धावली. कोणी हात लाविला, कोणी खांदा दिला, कोणी "सावकाश, सावकाश, कोपरा सांभाळा" ऐसे म्हणू लागले, आणि शेठजी "अहो, हा दाखवायला आणलाय" म्हणेतो तो निळा डोक्यांवरून तरंगत जिना चढला आणि करनिरीक्षक बाईंच्या दालनाबाहेर जयघोषात उतरला.

जयघोष ऐकून करनिरीक्षक बाई बाहेर आल्या. कचेरीत त्यांचा किताब 'मॅडम'. चष्मा कपाळावर, हाती लाल पेन, आणि सकाळपासून खोट्या पावत्या पाहून पाहून विटलेली नजर. त्यांणी कमोड पाहिला. मग फोटोराव पाहिले. मग पुन्हा कमोड पाहिला.

"हे कोणी आणलं?"

शेठजी पुढे होऊन अदबीने बोलले, "मी, मॅडम. ह्यांच्या केससाठी."

त्या एका वाक्याने सारी फौज अडचणीत आली. कारकून मंडळी एक एक पाऊल मागे सरली आणि ज्यांणी खांदा दिला होता त्यांणी हात खिशांत घातले.

"केस चालू आहे," मॅडम सावकाश बोलल्या, "आणि तुम्ही कचेरीला वस्तू देताय."

"देत नाही हो!" फोटोराव.

"मग हे काय आहे?"

"कमोड."

"ते दिसतंय मला."

लाच देण्याचा आळ आला की पुढे हौस काय आणि धंदा काय, राज्यच बुडाले. शेठजी घाम पुसू लागले. पहारेकरी यांणी तर आपण यांस ओळखतच नाही ऐसा चेहरा केला. तेव्हा बाईसाहेब, ज्यांस खिडकीपलीकडच्या माणसाचा आवाज चढला की आपला उतरवावा ही विद्या अवगत होती, त्या हलकेच बोलल्या.

"मॅडम, तुम्ही विचारलंत ना, धंदा कशावरून? तर हा ह्यांचा धंदा. पाठवायला हवा होता तो ह्यांनी पाठवला नाही. लाजले. बगळे पाठवले. आता इथेच काढून दाखवतील. काढला की आम्ही घेऊन जाऊ. अहो, मांडा."

*

फोटोरावांनी मांडिले.

दालनाबाहेरच्या व्हरांड्यात पांढरा पडदा टांगला आणि त्याचे टोक कमोडाखाली सरकविले. छत्रीचे दिवे तीन बाजूंस उभे केले. खिशातून मऊ फडके काढून त्या निळ्यास पुसू लागले. कारकुनांस वाटले आता जाहले, पण पुसणे संपेना, कारण चकचकीत मालावर धुळीचा एक कण उजेडात दगडाएवढा दिसतो. मग पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक मोठा ताव उभा केला, त्यास मध्ये भोक, आणि भोकातून कॅमेऱ्याचे तेवढे तोंड बाहेर, आणि फोटोराव संपूर्ण पुठ्ठ्याआड.

"लपता का?" मॅडमनी पुसिले.

पुठ्ठ्यामागून उत्तर आले, "नाहीतर मी दिसतो त्यात. कमोडवर. पोट वगैरे."

कोणी तरी फुसकन हसले. बाईसाहेबांनी वळून पाहिले. हसू जागीच थिजले.

मग एक फोटो. मग दिवा अंमळ डावीकडे, पुन्हा तोच फोटो. मग झाकण अर्धे, पुन्हा तोच. शेठजी वाकून पाहून म्हणाले, "कडेला सावली येतेय, परत." परत. "ब्रँडचं नाव वाचता येत नाही, परत." परत. कारकून मंडळींस आधी नवल, मग कंटाळा, मग जांभया आल्या आणि ती एक एक करून टेबलांकडे परतली, आणि फोटोराव मात्र तोच फोटो, तोच फोटो, तोच फोटो काढीत राहिले. हे सर्व मॅडम दाराच्या चौकटीस टेकून पाहत होत्या. मग त्यांणी तो प्रश्न पुसिला ज्याची बाईसाहेबांस घरापासून धास्ती होती.

"तुम्हाला हे करायला आवडतं का?"



बाईसाहेबांनी घरी पढवून आणिले होते की 'अजिबात नाही' ऐसे सांगावे. फोटोराव पुठ्ठ्याआडून बाहेर आले, तोंड उघडले आणि बोलले, "अजिबात..." आणि मग त्यांची नजर निळ्याकडे गेली. "म्हणजे, कंटाळाच असतो, मॅडम. पण ही कड आहे ना, ही इथली, वळते ती? तिच्यावर उजेड सरळ पडला तर मेला दिसतो. आणि जरा तिरका घेतला ना, की असा ओघळत जातो खालपर्यंत, सायीसारखा, आणि मग..."

बाईसाहेब खोकल्या.

"...कंटाळा," फोटोरावांनी संपविले.

मॅडमनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "आवडलं म्हणून बिघडत नाही. मला आकडे आवडतात. पैसे मिळावेत म्हणून करता का, एवढंच बघायचंय."

"मिळावेत म्हणून?" शेठजी उसळले. "मॅडम, हा माणूस मला पिळतो! एक झाकण उघडं, एक झाकण बंद, तर दोन फोटोंचे पैसे लावतो! मी भांडतो, रडतो आणि देतो!"

याहून भारी साक्ष कोणत्याही दरबारी आजवर जाहली नसेल. मॅडमनी यादी मागविली आणि उभ्या उभ्या लाल पेनाने एक एक ओळ वाचू लागल्या.

"खोलीचं भाडं. तिथे हेच काढता?"

"हेच."

"धंदा. दिवे, धंदा. पडदा, धंदा. स्टँड, धंदा." आणि मग पेन थांबले. "ही लांब लेन्स. ह्याने काय काढता?"

या जागेसाठी बाईसाहेबांनी दारूगोळा राखून ठेविला होता. त्या तत्काळ बोलल्या, "मोठी शोरूम असते ना मॅडम, सगळा माल रांगेत. लांबून एका फ्रेममध्ये घ्यायचा असतो. तेव्हा लागते ही." आणि शेठजींनी, ज्यांची शोरूम दहा पावलांत संपत होती, मान जोरजोरात डोलाविली.

मॅडमनी फोटोरावांकडे पाहिले. "बरोबर?"

एक 'हो' म्हणावयाचा होता. सर्वांत भारी रक्कम तीच होती. आणि फोटोरावांच्या समजुतीप्रमाणे एक ओळ हौस निघाली की सारी यादी हौस ठरणार, खोली जाणार, खुर्च्या दारातून आत येणार आणि आपण खड्ड्यात उतरणार. इतके सर्व समजून उमजून फोटोरावांनी गळ्यातल्या तोफेवर हात ठेविला. हिच्यातून त्यांणी एकही कमोड पाहिला नव्हता. हिच्यातून त्यांणी फक्त धुके, पाणी आणि तो पांढरा मुखदुर्बळ पक्षी पाहिला होता, ज्याने आजवर त्यांस काही मागितले नव्हते आणि ज्यास त्यांणी काही मागितले नव्हते.

"नाही, मॅडम. ही बगळ्याची आहे."

बाईसाहेबांनी डोळे मिटले.

"म्हणजे हौस?"

"हौस."

"लिहू तसं?"

"लिहा. आणि ते प्रश्नचिन्ह नको तेवढं."

मॅडमनी लिहिले. फोटोराव खालमानेने दिव्यांच्या तारा गुंडाळू लागले, कारण त्यांचे मते राज्य बुडाले होते. एवढ्यात मॅडम कागद पुढे करून बोलल्या, "बाकी सगळं धंदा, एक ओळ हौस. इथे सही करा. आणि ते भांडं उचला आधी, माझी माणसं रडकुंडीला आलीत."

"बाकी सगळं... धंदा?"

"प्रत्येक ओळ वेगळी असते हो," मॅडम बोलल्या. "पुढचे कोण आहेत?"

*

परतीची स्वारी निघाली. निळ्यास चादरीत गुंडाळून खाली नेताना कारकून मंडळी जिन्याच्या दुतर्फा उभी राहिली, एकाने तर चादरीवरून हात फिरविला. शेठजींचे चित्त द्रवले आणि त्यांणी आपले दुकानाचे कार्ड सर्वांस वाटले.

बाईसाहेब मात्र सर्वांच्या पुढे झपझप चालल्या. गोदामाच्या जिन्याशी, खुर्च्यांच्या पहिल्या मनोऱ्यापाशी आल्यावर त्या थांबल्या.

"तुमच्या एका शब्दाचे किती पडले, माहितीये?"

"माहितीये."

"तोंडात घास भरवल्यासारखं उत्तर दिलं होतं मी. फक्त गिळायचं होतं."

"अगं, हो म्हटलं असतं तर बगळाही धंद्यात गेला असता. मग तूच विचारलं असतंस, ह्या महिन्यात बगळ्यानं किती आणले."

"विचारलंच असतं."

"मग?"

बाईसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. मग गळ्यातल्या तोफेकडे. मग एकाएकी त्यांस हसू फुटले, ते कचेरीत दाबून ठेविलेले सगळे एकदम आले, आणि त्या हसत हसत मनोऱ्याच्या सर्वांत वरच्या खुर्चीस धरावयास गेल्या, आणि मनोरा कलला, आणि पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर ऐसे करीत समस्त लाल फौज गडगडाट करीत जिन्यावरून खाली आली आणि निकाल ऐकण्यास अंगणातून आलेल्या थोरल्या मेहुण्यांच्या पायांशी जाऊन पडली. मेहुण्यांनी कागद हाती घेतला, दोनदा वाचिला.

"धंदा," ते बोलले. "आणि ही एक ओळ हौस काय?"

"ती आमची घरातली गोष्ट आहे, दादा," बाईसाहेब बोलल्या. "खुर्च्या उचल."

येणेप्रमाणे खोली, दिवे, पडदा व घोडा हे धंद्याकडे कायम जाहले. थोरले मेहुणे सैन्यासह अंगणात ताडपत्रीखाली माघारी गेले. फोटोराव यांणी खोलीच्या दारावरील पाटीवरचा 'सिरॅमिक' हा शब्द खोडून कमोड, बेसिन व नळ ऐसे स्वहस्ते ठळक लिहिले. आणि लांबनळी तोफ ही सरकारी शिक्क्यानिशी हौस ठरून तिजपासून कोणी कधी काही मागू नये, ऐसा निकाल होऊन मोहीम फत्ते जाहली. हे सर्व खरे, हे नमूद असावे.

फोटोरावांना पहिला कॅमेरा बाईसाहेबांनी घेऊन दिला होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, स्वतःच्या पगारातून. तो कशासाठी, हे तेव्हा दोघांपैकी कोणीच विचारलं नव्हतं.